न वाचता केलेली सही

जुनी गाडी घेताना आपल्याला कुणाचा बाप फसवू शकत नाही, असे कडूबाने अख्ख्या डोणगावात सांगून ठेवले होते. गेल्या साली त्याने घेतलेली फटफटी चोरीची निघाली. तेव्हापासून त्याच्या बायकोचा, गीताबाईचा, त्याच्या व्यवहारावर काडीचा भरवसा उरला नव्हता. मोताळ्याला माहेरी जाताना तिने बजावले होते, धड गाडी घेऊन न्यायला या, नाहीतर मी तिथेच बरी. म्हणून कडूबाने तीन दिवस मोबाइलवर खरेदीदाराच्या हक्कांचे व्हिडिओ पाहिले आणि चौथ्या दिवशी वकिलाच्या तोऱ्यात इंद्रभान गुरुजींच्या अंगणात दाखल झाला.

गुरुजी रिटायर मास्तर, आणि गाडीही त्यांच्यासारखीच, स्वच्छ पण थकलेली. कडूबाने आरसी पाहिली, विमा पाहिला, कर्जाचा बोजा नाही ना, चलान थकले नाही ना, सगळे तपासले. आरटीओत नाव बदलायच्या फॉर्मांवर सह्या घेतल्या. हायवेवर सरळ एक चक्कर मारून आला. मग त्याने हुकमाचा पत्ता काढला.

"गुरुजी, गाडीत जी जी खोट हाय ते मले लेखी पायजे. हक्क हाय माहा."

"हाव, देतो ना," म्हणत गुरुजी चष्मा लावून बसले.

निवृत्तीनंतर फुलस्केपवर लिहायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. दोन पाने भरली! कडूबा ते सुंदर अक्षर बघतच राहिला. एवढे सगळे लिहून घेतले याचाच त्याला इतका आनंद झाला, की "वाचून, समजून" या शब्दांखाली त्याने न वाचताच झोकात सही ठोकली.

मोताळ्यात मेहुण्याची गल्ली पुढे भिंतीला जाऊन संपते. कडूबा हॉर्न वाजवत थेट भिंतीपर्यंत गेला. शेजारणी गाडी बघायला ओट्यावर आल्या, गीताबाई पिशव्या घेऊन आत बसली. कडूबाने रिव्हर्स टाकला. गिअर नुसता कुरकुरला. दहा वेळा टाकला, दहाही वेळा कुरकुरला.

कडूबाचे डोके सटकले. त्याने सगळ्यांदेखत गुरुजींना स्पीकरवर फोन लावला आणि ग्राहक मंचात खेचतो म्हणून दम भरला.

"ते दुकानदारासाठी असते बाप्पा," गुरुजी शांतपणे म्हणाले. "म्या का गाड्यांचं दुकान टाकलं? लपवलं असतं तर कोर्टात खेचलं असतं तू. मी तं अकरा नंबरले लिहूनच देल्लं."

गीताबाईने समोरच्या खणातून कागद काढला. तीन: काच खाली जाते, वर येत नाही. सात: चढावर एसी लावू नये. अकरा: गाडी मागे जात नाही.

"हे वाचलं होतं काय तुमी?"

कडूबा मान खाली घालून बसला. त्याला खरेच मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. गीताबाईने कागदाच्या मागे दोन ओळी लिहिल्या आणि पेन त्याच्यापुढे धरले. एकदाचा विषय मिटावा म्हणून त्याने चटकन सही केली.

मेहुण्याने कागद घेऊन मोठ्याने वाचला, "मी कोणताही कागद न वाचता सही करतो, हे मले मान्य हाय. यापुढं घरातले समदे व्यवहार गीताबाई पाह्यतीन."

साक्षीदार म्हणून सही करायला अर्धी गल्ली पुढे आली. त्यांनी मात्र आधी कागद वाचून घेतला.