मंगळसदृश मोहल्ला

माणसाला दुसऱ्या ग्रहावर पाठवणं शक्य आहे का, आणि ते परवडेल का, या जागतिक प्रश्नाचा निकाल पारोळ्याच्या अलीकडे, कारागीर मोहल्ल्यात, कादर कूलरवाल्याच्या दुकानासमोर लागला. कादर तेव्हा एका कूलरचं गवत बदलत होता. आपण जगाचा निकाल लावतोय याची त्याला कल्पना नव्हती.

मोहल्ल्याला दर बाराव्या दिवशी पाणी येई. अकरा वर्षांच्या अर्जांनंतर नवी पाइपलाइन मंजूर झाली होती आणि पाइप गल्लीत येऊन पडले होते. कादरची बायको जमीला रोज सकाळी ओढणीने त्या पाइपांवरची धूळ झटकायची. विहिरीवरून हंडे वाहून तिची कंबर कामातून गेली होती. एवढा उन्हाळा निघाला की सुटलो, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

अशात फॉर्म घेऊन एक साहेब आले. फॉर्मवाल्यापुढे खरं बोलायचं नाही, हा आपल्याकडचा जुना रिवाज. खरं सांगणाऱ्याचं नाव यादीतून गळतं, हे शेंबडं पोरही जाणतं. शेजारचे अभिमननाना कादरच्या कानाशी लागले, "कादर, बठ्ठं डबल करीसन सांग. पाइपना सायेब शे."

"पाणी किती दिवसांनी येतं?" साहेबांनी विचारलं.

"चोवीस," कादर म्हणाला.

"तापमान?"

"बावन्न. सावलीत."

"धूळ?"

"साहेब, दुपारी स्वतःची बायको ओळखू येत नाही."

"झाडं?"

"एक होतं," असं म्हणून कादरने उसासा सोडला. हे सगळं दुकानासमोरच्या कडुलिंबाच्या सावलीत उभं राहून चाललं होतं. साहेबांनीही सावली घेतली, पण लिहिली नाही.

साहेब पाइपवाले नव्हतेच. ते निघाले परग्रह वसाहत पूर्वतयारी कक्षाचे. पंधरा दिवसांत आदेश आला: "सदर परिसर मंगळसदृश घोषित करण्यात येत असून, मंगळसदृशता अबाधित राखण्याच्या दृष्टीने तेथे पाणी, सावली वा अन्य कोणतीही सुधारणा करण्यास पुढील आदेशापर्यंत मनाई आहे."

पाइप ट्रकमध्ये भरून गेले. जमीला ट्रकमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि तिथेच रस्त्यात बसून रडली. मोहल्ल्याने मात्र फटाके फोडले. चौकात बॅनर लागला. त्यावर मंगळाचा फोटो एक होता आणि पुढाऱ्यांचे सतरा.

मग मैदानात पांढरा घुमट उभा राहिला. त्यात तीन अंतराळवीर दोन वर्षं राहून दाखवणार होते. त्यांच्यासाठी रोज टँकर येऊ लागला. जमीला दोन हंडे घेऊन तिथे गेली.

"बाई, मंगळावर शेजारी नसतात," पहारेकरी म्हणाला.

"आणि टँकर असतो?"

"टँकर गृहीत धरलाय."

"तिथं पाणी आहे का, भाऊ?"

"शोधतायत."

"सापडलं तर?"

"मग माणसं पाठवतील."

"इथं माणसं आधीच आहेत. पाणी तेवढं पाठवा."

मुद्दा धोरणात्मक असल्याने पहारेकऱ्याने वरिष्ठांकडे लेखी विचारणा केली. उत्तर अद्याप प्रतीक्षेत आहे.

चौथ्या दिवशी घुमटातलं थंड हवेचं यंत्र बंद पडलं. कादर पाना घेऊन धावत पोहोचेपर्यंत तिन्ही अंतराळवीर धुळ्याच्या एसटीत बसले होते. प्रयोग फसला, असं कोणालाही वाटेल. पण अहवाल लिहिणाऱ्यांची नजर मागे उरलेल्या मोहल्ल्यावर गेली. त्यांनी लिहिलं: "घुमट, टँकर अथवा प्रशिक्षण यांवाचून दोन हजार लोक येथे विनातक्रार तग धरून आहेत. सबब परग्रहावर वस्ती शक्य असून अत्यंत किफायतशीर आहे. पाण्याची तरतूद वगळावी." अकरा वर्षांच्या अर्जांचा कोणीतरी उल्लेख केला, तेव्हा ते तपासले गेले. त्या तक्रारी नव्हत्या, विनंत्या होत्या.

कादरला शाल आणि श्रीफळ मिळालं. ती शाल घेऊन तो घरी आला, तर जमीला कंबरेला शेकायची पिशवी लावून भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"तुझ्या तोंडाने पाइप गेले," ती एवढंच म्हणाली.

कादरला फार लागलं ते. यापुढे फॉर्मवाल्यापुढे रडगाणं गायचं नाही, अशी त्याने शपथ घेतली. महिन्याभराने पुन्हा एक साहेब आले. या खेपेला कादरने नानांना जवळ फिरकू दिलं नाही.

"पाणी?"

"रोज. दोन वेळा. गोड."

"तापमान?"

"संध्याकाळी स्वेटर लागतो."

"झाडं?"

"साहेब, जंगल म्हणा."

साहेब खूश झाले. त्यांनी जागच्या जागी शिक्का मारला: "टंचाई नाही. पाइप परत देण्याची आवश्यकता नाही." हे साहेब पाइपचे होते.

कादरला हसून झालं असेल तर एक आठवून पाहा. मागे तुमच्या दारात फॉर्म आला होता, तेव्हा तुम्ही खरं काय ते सांगितलंत, की आधी शेजाऱ्याला विचारलंत? घाई नाही, सावकाश आठवा. कक्षाला अजून सहा मंगळसदृश गल्ल्या हव्या आहेत, आणि तुमचा फॉर्म त्यांच्या टेबलावर आहे.