विसरभोळ्या जंगलातला एकुलता एक गुन्हेगार

एका जंगलात विसरभोळेपणाची जबरदस्त साथ होती. हसू नका. आधी ऐका, मग हसा.

ही साथ मोठी चमत्कारिक होती, बरं का मुलांनो. घरी कोणी काही विसरायचं नाही. शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी नेलेलं सूपसुद्धा सगळ्यांच्या बरोबर लक्षात. फक्त कचेरीत पाऊल टाकलं की विसरायला व्हायचं. ससा बिळाचा दाखला मागायला यायचा आणि जाताना करवंदांचा द्रोण टेबलावर विसरून जायचा. अस्वलाला मध काढायचा परवाना हवा असला की ते मोहाच्या फुलांची पाटी खुर्चीखाली विसरायचं. दिवाणांकडे काम असलं तर आणखी मोठं काहीतरी विसरावं लागे. एकदा एक सांबरीण तिथे आपल्या सख्ख्या दिराला विसरून आली. दीर पुन्हा कोणाला दिसला नाही. सांबरिणीचं काम मात्र त्याच दिवशी झालं.

नियम एकच. विसरून निघालं की मागे वळून बघायचं नाही. वळून बघणं म्हणजे घोर अपमान. आणि ह्या सगळ्याला काय म्हणायचं? काही म्हणायचं नाही! 'लाच' हा शब्द त्या जंगलात शिवीहून वाईट मानत. एखाद्या पिल्लाच्या तोंडून चुकून निघाला, तर आई त्याच्या तोंडात कडुनिंबाचा पाला कोंबायची.

त्या जंगलात महिपतराव नावाचे एक साळिंदर होते. बिळांच्या कचेरीत कारकून. कोणाला कुठलं बीळ, ह्याचे दाखले लिहायचे. माणूस, म्हणजे साळिंदर हो, इतका सरळ, की ही साथ त्यांना खरोखरीची साथ वाटायची.

ससा द्रोण विसरून निघाला की महिपतराव काटे खुळखुळवत त्याच्या मागे धावत. "अहो ससेबुवा! करवंदं राहिली!"

ससा पळू लागे. महिपतराव त्याहून जोरात पळत. शेवटी ससा धापा टाकत उभा राही. महिपतराव द्रोण त्याच्या हातात कोंबत आणि म्हणत, "जरा ब्राह्मी खात जा. ह्या वयात असं, मग म्हातारपणी कसं व्हायचं तुमचं?"

दुसऱ्या दिवशी दाखला घरपोच. बिचारा ससा दाखला घेऊन थरथर कापायचा. काही न विसरता मिळालेला दाखला खरा कसा असेल?

महिपतरावांची बायको गोजरा. तिला सगळं कळत होतं. "अहो, ते विसरत नाहीत. ते ठेवून जातात," ती म्हणायची.

"छे गं! घाईत असतात बिचारे," महिपतराव म्हणायचे.

गोजरा कपाळावर हात मारून घ्यायची, पण मनातून तिला नवऱ्याचं फार कौतुक होतं. साळिंदरांच्या घराकडे पाच पिढ्यांत कोणी बोट दाखवलं नव्हतं. शिवाय तिचे दिवस भरत आले होते. टेकडीवरचं सरकारी बीळ कोरडं ठणठणीत होतं. त्यात बाळंतपण व्हावं आणि पिल्लांना बापाचं चांगलं नाव मिळावं, एवढंच तिचं मागणं होतं. फार नाही ना मागितलं? नाहीच.

आणि नेमकी तेव्हाच अखिल विश्व सचोटी परिषद तपासणीला आली.

ही परिषद जगभर फिरून सचोटी वाढवायची. अध्यक्ष पेंग्विनबाई होत्या. त्यांना उकडत होतं, म्हणून चार मोर सतत वारा घालत होते. चिटणीस कांगारू होते. सगळे अर्ज, शिक्के आणि पदकं त्यांच्या पोटाच्या पिशवीत. जे जंगल परीक्षेत पास होईल, त्याला परिषद एक मोठा तलाव खणून देणार होती.

तलाव म्हटल्यावर दरबाराच्या तोंडाला पाणी सुटलं. तलाव खणायचं काम कोणाला द्यायचं ते कोण ठरवणार? दरबार! काम मागायला येणारे किती विसरतील, ह्या विचाराने दिवाणांना तर गुदगुल्या झाल्या. दिवाण म्हणजे हसमुखराव तरस. तसे ते नेहमीच हसत. त्या दिवशी जरा जास्त हसले.

वाघोबा महाराज पेंग्विनबाईंना म्हणाले, "आमच्याकडे भ्रष्टाचार अजिबात नाही. औषधालासुद्धा नाही!"

"मग नापास," पेंग्विनबाई म्हणाल्या.

"आँ?"

"नाही म्हणणारी जंगलं आम्ही सरळ नापास करतो. लढा चालू आहे हे दिसायला हवं. एक तरी पकडलेला गुन्हेगार दाखवा. उद्या दुपारपर्यंत."

महाराजांनी ताबडतोब दरबार भरवला आणि दारं लावून घेतली.

"कोणाला पकडायचं? चटकन बोला. रानडुक्कर कसं?"

रानडुक्कर चौकीवर बसायचं. चौकीवर इतकं काही विसरलं जायचं की त्याला बसायला जागा उरत नसे. पण कोल्हा गडबडीने म्हणाला, "नको, महाराज! ते पकडलं गेलं तर माझं नाव सांगेल."

"मग तुला पकडू."

"पकडा की. पण मग मला दिवाणजींचं नाव सांगावं लागेल."

हसमुखरावांचं हसू मावळलं. "आणि मला पकडलंत तर," ते हळूच म्हणाले, "मला आपलं..."

"कळलं, कळलं!" महाराज घाईघाईने म्हणाले.

एकेकाचं नाव निघायचं आणि ते थेट सिंहासनापर्यंत जाऊन पोचायचं. महाराजांना दरदरून घाम फुटला. शेवटी हसमुखरावांनी एकदम मांडीवर थाप मारली.

"महिपत साळिंदर!"

"पण त्याने कधी काही घेतलं नाही," कोल्हा म्हणाला.

"म्हणूनच तर! ज्याने घेतलंच नाही तो नाव कोणाचं सांगणार?"

दरबारात आनंदीआनंद झाला. कोल्ह्याने रानडुकराला मिठी मारली. महाराजांनी शेपटी आपटून संमती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसमुखराव टेकडीवर गेले. पळसाच्या पानांत गुंडाळलेलं मधाचं अख्खं पोळं काखेत होतं. महिपतराव अंगणात बसून गोजरासाठी कंद सोलत होते.

"महिपतराव, जंगलाच्या इज्जतीचा प्रश्न आहे," हसमुखराव म्हणाले. "चार लोकांपुढे एवढंच म्हणा, मी घेतलं."

"पण मी घेतलं नाही, दिवाणजी. खोटं कसं बोलू?"

"छान! खोटं बोलूच नका. आधी घ्या. मग खरं बोला."

महिपतरावांना काही उमजेना. "काय घेऊ?"

हसमुखरावांनी दोनदा खोकून घेतलं, पोळं अंगणात ठेवलं, "बरं, येतो," म्हणाले आणि निघाले. मागे न बघता.

"अरेरे," महिपतराव हळहळले. "गोजरा, साथ दिवाणजींपर्यंत पोचली गं!"

"अहो, थांबा! धावू नका!" गोजरा आतून ओरडली. पण महिपतराव पोळं उचलून निघालेसुद्धा.

"दिवाणजी! पोळं राहिलं!"

हसमुखराव भराभरा चालू लागले. वळून बघणं शक्य नव्हतं, रीतच नव्हती तशी. मागे काट्यांचा खुळखुळाट वाढला तसे ते पळू लागले. महिपतरावही पळाले. पोळ्यातून मध ठिबकू लागला. मधामागे मुंग्या लागल्या. मुंग्यांमागे अस्वल लागलं. ज्यांचं पोळं होतं त्या माश्या तर केव्हाच्या शोधत होत्या, त्या वरून आल्या, "आमचं घर! आमचं घर!" असं ओरडत. पुढे तरस, मागे साळिंदर, त्यामागे मुंग्या आणि अस्वल, आणि डोक्यावर माश्यांचा ढग. अख्खं जंगल झाडांवर चढून बघत होतं. माकडांच्या पोटात हसून हसून दुखायला लागलं.

मुलांनो, अशी वरात तुम्ही बघितली नसेल. मीही बघितली नाही, पण सांगताना मजा येते.

वरात थेट परिषदेच्या मांडवात घुसली. तिथे पेंग्विनबाई सचोटीवर भाषण करत होत्या. समोर पाहुणे, मागे साळिंदर, पळायला वाटच नाही. हसमुखराव खांबाला चिकटून उभे राहिले.

"घ्या हो, दिवाणजी!" महिपतरावांनी पोळं पुढे केलं.

आता सगळ्यांसमोर कसं घेणार? "नाही!" हसमुखराव किंचाळले. "मी घेणार नाही! नाही म्हणजे नाही!"

त्यांना विसरल्याची लाज वाटतेय, असं महिपतरावांना वाटलं. फार मायेने ते म्हणाले, "लाजू नका. मी कोणाला सांगत नाही. अहो, मी आजवर कितीतरी जणांना दिलं. शेवटी सगळेच घेतात."

पंखा धरलेले मोर थांबले.

"कांगारू," पेंग्विनबाई थरथरत्या आवाजात म्हणाल्या, "लिहून घ्या. देणारा सापडला! रंगेहाथ!"

"मधाने," कांगारूंनी नीट बघून नोंद केली.

तिथल्या तिथे चौकशी सुरू झाली. साक्षीदार बोलावले. ससा म्हणाला, "हो, ह्यांनी मला करवंदं दिली. मी पळत होतो, तरी हातात कोंबली." मुंगूस म्हणालं, "मला अंडी दिली." रानडुक्कर म्हणालं, "मी ह्यांच्याकडे पाहुणा गेलो होतो, तर माझ्याही मागे रताळी घेऊन धावले." त्या दिवशी त्या जंगलात पहिल्यांदाच सगळे साक्षीदार खरं बोलले.

"महिपतराव, तुम्ही दिलंत की नाही?" पेंग्विनबाईंनी विचारलं.

"दिलं," महिपतराव म्हणाले. खोटं कसं बोलणार?

तेवढ्यात गोजरा पोट सांभाळत, धापा टाकत मांडवात पोचली. "अहो बाई, ते ज्याचं त्यालाच देत होते!"

"ज्याचं त्याला," पेंग्विनबाई म्हणाल्या. "म्हणजे आधीपासून ठरलेलं होतं. कांगारू, हेही लिहा."

"काय ठरलेलं? हे सगळे मुद्दाम ठेवून जातात! काम व्हावं म्हणून! मी किती वर्षं सांगतेय ह्यांना!" गोजरा रडायलाच लागली.

महिपतरावांनी मान वर केली. सशाकडे बघितलं. ससा जमिनीकडे बघू लागला. मुंगसाकडे बघितलं. मुंगूस शेपूट चाटू लागलं. इतकी वर्षं धावलो, ब्राह्मी खा म्हणून सांगितलं, आणि हे सगळे... त्यांना भयंकर वाईट वाटलं. मग राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच इतका राग आला, की अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला.

"म्हणजे ही लाच होती!" ते गरजले.

अगं बाई! सगळ्या जंगलाने कानांवर हात ठेवले. आयांनी पिल्लांचे कान झाकले. दोन मोर चक्क बेशुद्ध पडले.

"बघा," हसमुखराव डोळे पुसत म्हणाले, "ह्या जंगलात हा शब्द फक्त ह्यालाच माहीत आहे."

संपलंच की मग! बीळ जप्त झालं. नोकरी गेली. पाच पिढ्यांचं नाव एका दुपारी मातीत गेलं. भर मांडवात, पाहुण्यांदेखत, पळून जाऊन मध नाकारल्याबद्दल हसमुखरावांच्या गळ्यात सचोटीचं पदक पडलं. तलाव मंजूर झाला. त्याच संध्याकाळी हसमुखरावांच्या दारात विसरभोळ्यांची रांग लागली.

आता परिषद निघायची वेळ झाली. पेंग्विनबाई महाराजांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक विचारू? हा गुन्हेगार आम्ही घेऊन जाऊ का?"

"कशाला?"

"सगळीकडे हीच अडचण आहे हो. जिथे जावं तिथे एकाला पकडायला गेलं की नावं वर वर जातात. असा कोणाचंच नाव न सांगणारा मिळत नाही. फार दुर्मीळ आहे हा."

महाराजांनी महिपतराव आनंदाने देऊन टाकले. गोजरा म्हणाली, मीही येणार. तीही निघाली.

तेव्हापासून महिपतराव जगभर पकडले जाऊ लागले. वाळवंटात उंटांनी पकडलं, टाळ्या झाल्या, वाळवंट पास. बर्फात सीलमाशांनी पकडलं, बर्फ पास. एका बेटावर तर हवामान खराब होतं म्हणून एकाच दिवसात दोनदा पकडलं. जिथे तिथे महिपतराव घसा फोडून सांगत, "मी काही केलं नाही!" आणि जिथे तिथे लोक कौतुकाने म्हणत, "अगदी खऱ्या गुन्हेगारासारखा बोलतो!"

वाटेत एकदा वादळ झालं. कोरडी जागा कुठेच नव्हती. गोजराची पिल्लं कांगारूंच्या पिशवीत जन्मली. दोन. काट्यांसकट. कांगारूंनी जी उडी मारली ती अजून कोणी मोजू शकलेलं नाही.

पिल्लं मोठी झाली. प्रश्न विचारू लागली. एके दिवशी, महिपतरावांना अकराव्या जंगलात आणून तंबूत बसवलं असताना, थोरलीने विचारलं, "आई, बाबा काय काम करतात?"

गोजराला कसंनुसं झालं. तिने नवऱ्याकडे बघितलं. "आता काय सांगू हो हिला?"

बाहेर ढोल वाजत होते. पकडायला मंडळी आली होती. महिपतरावांनी काटे नीट केले आणि लेकीला जवळ घेतलं.

"खरं ते सांग," ते म्हणाले. "म्हणावं, जगभर भ्रष्टाचाराविरुद्ध लढा चालू आहे ना, तो सगळा तुझ्या बाबांवर चालू आहे."

तात्पर्य: मुलांनो, कायम प्रामाणिक राहा. लबाडांना कोणी पकडत नाही, त्यांच्या ओळखी फार असतात. सगळेच लबाड झाले, तर बिचाऱ्या जगाने पकडायचं कोणाला?