अंगणात पडणारं लाल तेल

माझ्या ट्रकच्या गिअरबॉक्समधून गळणारं तेल माझ्या दारात पडत नव्हतं. ते एकशे दहा किलोमीटरवर, खामणेवाडीच्या हिंदुराव तांबवेकरांच्या अंगणात पडत होतं.

आठ महिने मला याचा पत्ता नव्हता. मी कोल्हापुरात राहतो आणि कोकणातून जांभ्या दगडाचे चिरे भरून करूळ घाटाने वर आणतो. ट्रक जुना आहे. धरणाच्या कामासाठी तो कधीकाळी बाहेरच्या देशातून आला होता, त्यामुळे त्याला क्लच नाही. गिअर गाडी आपल्या मनाने बदलते. पाटबंधारे खात्याने लिलाव केला तेव्हा मी तो घेतला आणि आमच्या अड्ड्यावरच्या झाडून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. असला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या भागात कुणी उघडून पाहिलेला नव्हता. मी हट्टी माणूस आहे, म्हणून तो ट्रक मला जास्तच आवडायला लागला.

गिअरबॉक्सचं तेल मात्र सारखं कमी व्हायचं. बशीर मिस्त्री पोतं अंथरून खाली शिरले, बोटांनी सगळीकडे चाचपून बाहेर आले आणि म्हणाले, कोरडं आहे. आम्ही खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी ते जसंच्या तसं होतं. आरटीओत पासिंगला गेलो तर तिथल्या साहेबांनीही वाकून पाहिलं आणि एवढ्या जुन्या गाडीखाली एक थेंब नाही म्हणून माझं कौतुक केलं. बशीरभाईंनी शेवटी निकाल दिला की गळत नाही, पण कमी होतं, अर्थात गाडी ते पिते. मला हे पटलं. मी तेल भरत राहिलो.

मग खामणेवाडीच्या ग्रामसेवकांचं पत्र आलं. श्री. तांबवेकर यांच्या अंगणात, तेथे कोणतेही वाहन उभे नसताना, जमिनीपासून सुमारे दोन फूट उंचीवरून लाल रंगाचे तेल ठिबकत आहे. सदर तेल आपल्या वाहनाचे असल्याचे त्यांचे म्हणणे आहे. तरी ते त्यांनी साठवून ठेवण्यास आपली हरकत आहे किंवा कसे, ते कळवावे. खाली सही, शिक्का आणि तारीख होती. पत्र इतकं व्यवस्थित होतं की शंका घ्यायला जागा नव्हती. हरकत आहे की नाही हे पाहिल्याशिवाय सांगता येईना, म्हणून मी एसटीने गेलो.

हिंदुराव तांबवेकर हे या ट्रकचे पहिले ड्रायव्हर. सव्वीस वर्षं तो त्यांनी एकट्याने चालवला आणि खात्याच्या परवानगीने रोज संध्याकाळी स्वतःच्या अंगणात उभा केला. लिलाव झाला त्या दिवशी ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेत होते. घरी परत आले तेव्हा अंगण रिकामं होतं.

ती जागा त्यांनी अजून रिकामीच ठेवली होती. घराच्या डाव्या अंगाला ट्रकच्या लांबीरुंदीची जमीन होती, तिच्यावर गवताची काडी नव्हती. त्यांची बायको, जिला सगळी वाडी आक्का म्हणते, ती धुणं वाळत घालायला निघाली तेव्हा त्या जागेला वळसा घालून गेली. तिथून सरळ गेली असती तर चार पावलं वाचली असती. पण ट्रकमधून कसं जाणार.

बरोबर जिथे गिअरबॉक्स यायला हवा तिथे जमिनीवर एक पितळी परात होती. हवेतून एक लाल थेंब निघाला आणि परातीत पडला. थोड्या वेळाने दुसरा पडला. आबा, म्हणजे हिंदुराव, बाजूला खुर्ची टाकून बसले होते.

"आत्ता थंड हाय," ते म्हणाले. "उभी हाय न्हवं?"

मी म्हणालो, हो, बशीरभाईंच्या गॅरेजसमोर उभी आहे.

मग त्यांनी मला माझाच गेला आठवडा सांगितला. मंगळवारी साडेदहाला मी करूळ चढत होतो, कारण थेंबांची धार झाली होती आणि तेल चटका बसेल इतकं गरम होतं. बुधवारी मी लवकर घरी आलो. शुक्रवारी कुठेतरी उतारावर बराच वेळ थांबलो. यातलं एकही चुकलं नव्हतं. शुक्रवारी मी रस्त्याच्या कडेला बसून डबा खाल्ला होता, हे माझ्या घरीही कुणाला माहीत नव्हतं.

त्या माणसाचा मला हेवा वाटला. माझ्या आठवणीने कुणाच्या अंगणात पाण्याचा थेंबही पडत नसेल. आणि इथे हा माणूस शंभर किलोमीटरवरच्या गाडीला हात न लावता तिच्याबरोबर घाट चढत होता. आक्का चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली की मिरजेहून आल्यावर दोन महिने ते कुणाशी धड बोलत नव्हते, जेवण पुढ्यात तसंच राहायचं. पहिला थेंब पडला त्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली.

मी ग्रामसेवकांना, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, लिहून दिलं की माझी हरकत नाही. भाऊसाहेबांनी 'नसलेल्या वाहनाची गळती' असं शीर्षक टाकून फाईल बंद केली.

त्यानंतर दर सोमवारी आबा परातीतलं तेल गाळून कॅनमध्ये भरायचे आणि एसटीच्या पार्सलने मला पाठवायचे. मी ते गाडीत ओतायचो. ते पुन्हा त्यांच्याकडे जायचं. असं सहा महिने सुरळीत चाललं.

मार्चमध्ये गाडी चढाला दमायला लागली. इंजिन ओरडायचं, पण चाकांपर्यंत काही पोचायचं नाही. एका दुपारी गगनबावड्याला घाटमाथ्यावर टेकलो तोच फोन आला.

"मालक, इंजिन बंद करू नका," आबा म्हणाले. "न्यूट्रलला टाका आन धा मिन्टं तसंच चालू ठेवा. तेल फिरू द्या. परातीत बघवंना झालंय. काळं पडलंय, जळका वास सुटलाय."

मी तसं केलं. त्यांनी विचारलं, रेडिएटरच्या पुढे गिअरतेलाचा कुलर आहे, तो कधी धुतला? असा काही कुलर आहे हेच मला माहीत नव्हतं. वाकून पाहिलं तर त्याच्या जाळीत जांभ्याची लाल माती आणि गवत ठासून बसलं होतं. वारा जायला सुईएवढी वाट नव्हती.

 आबा म्हणाले की कुलर धुतला तरी भागायचं नाही. गिअरबॉक्सचं मागचं रबरी सील गेलंय, तेल कमी पडतं म्हणून ते तापतं आणि तापलं की सील आणखी सोडतं. हे असंच राहिलं तर आठ दिवसांत गिअरबॉक्स आतून जळून जाईल आणि मग तो जगात कुणाला दुरुस्त करता येणार नाही. सील बदलायला हवं.

मी म्हणालो, "आबा, सील बदललं तर गळायचं थांबेल."

"व्हय," ते म्हणाले. "म्हणून तर मी येतो."

ते बुधवारी बशीरभाईंच्या गॅरेजवर आले, हातात काठी आणि पिशवीत जुनी हत्यारं. धरणाच्या स्टोअरमधलं एक नवं सील त्यांनी किती वर्षांपासून जपून ठेवलं होतं कोण जाणे, ते कापडात गुंडाळून आणलं होतं. गाडी दिसली तेव्हा ते पुढे गेले, बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. बशीरभाई उगाच आपले पाने-पकडी पुसत बसले.

दोन दिवस काम चाललं. गुडघा वाकत नसल्याने आबांना फळीवर निजवून आम्ही गाडीखाली सरकवायचो. त्यांनी गिअरबॉक्सचं खालचं ताट उतरवलं, आतली जाळी बदलली, कुलर तर चार वेळा धुतला. जळकं तेल काढलं तेव्हा आम्ही खाली घमेलं ठेवलं होतं, पण त्यात काही पडलं नाही. तिकडे आक्काने परात भरली म्हणून दुसरं भांडं लावल्याचा फोन आला.

शेवटी सील बसवायची वेळ आली. बशीरभाई गाडीशेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "आबा, थोडं सैल ठेवू या. दिवसाला चार थेंब. गाडीला काय कळणार आहे."

आबा गाडीखाली उताणे होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"माझ्या चार थेंबांपायी ती घाटात उभी ऱ्हाईल," ते म्हणाले. "सील द्या हिकडं."

त्यांनी ते ठोकून पक्कं बसवलं. मग नवं तेल भरून, इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर ते मोजायची पट्टी पाहिली, पुसली, परत पाहिली. संध्याकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीनेच जाऊ या, तुम्हीच चालवा, असं मी म्हटलं, पण ते नको म्हणाले. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून एवढंच सांगितलं की कुलर दर रविवारी धूत जा. मला फार वाईट वाटलं. मी चांगल्या गाडीचा मालक झालो होतो आणि चोरी केल्यासारखा तोंड लपवत घरी आलो.

गाडी उत्तम चालायला लागली. करूळ असा चढायची की मागच्या गाड्या हॉर्न विसरल्या. आक्काचा फोन आला, परात कोरडी आहे. आबा कसे आहेत विचारलं. खुर्चीत बसतात, म्हणाली.

आठवड्याने, सकाळी सहा वाजता, माझ्या दारात उभी असलेली गाडी ओली झाली.

एप्रिलचे दिवस, आभाळ कोरडं. पाणी आधी पुढच्या डाव्या चाकावर आलं, मग दारावर, मग पाठीमागे. कुणी तांब्याने मारत पुढे सरकावं तसं. मडगार्डवरची माती ओघळून गेली. नंतर हेडलाइटच्या काचेवर फडकं फिरल्यासारखे गोल उमटले. मी गिअरबॉक्सखाली हात घातला. थेंब नव्हता, गिअरबॉक्स थंडगार होता.

मी आक्काला फोन केला आणि विचारलं, आबा आत्ता काय करतात?

"काय करत्यात," ती म्हणाली. "बादली घेऊन रिकाम्या जागेवर पाणी मारत्यात. पूर्वी गाडी धुवायचे तसं. आन पाणी खाली पडंना झालंय. भुई समदी कोरडी."

जेवतात का, विचारलं. दोन भाकरी, म्हणाली.

तेव्हापासून रोज सहाला गाडी धुतली जाते. गगनबावड्याला मुक्काम असला तरी वेळ चुकत नाही. तिथला चहावाला पावणेसहाला आपली बाकडी मागे सरकवून घेतो. भाऊसाहेबांनी जुनी फाईल उघडून पाण्याबाबत माझी हरकत आहे का, असं विचारलं. नाही, असं मी लेखी कळवलं.

गुडघ्यामुळे आबांना कशावर चढता येत नाही, त्यामुळे त्यांचा हात खांद्याच्या वर पोचत नाही. दाराच्या अर्ध्यापर्यंत गाडी लख्ख असते आणि वर मातीची सरळ रेघ दिसते. साडेसहाला मी शिडी लावतो आणि त्या रेघेपासून टपापर्यंतची धूळ तेवढी पुसून घेतो.