बारा लाखांची बॅच

आवडाबाई मढवी विज्ञान महाविद्यालयात प्रवेश घेण्यातली खरी अडचण म्हणजे कल्याण स्टेशनवरून तिथवर यायला तयार असलेला रिक्षावाला शोधणं. एकदा माणूस आंबिवलीच्या अलीकडच्या त्या चार मजली इमारतीपर्यंत पोचला, की त्याला प्रवेश नाकारल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यामुळे समोरच्या फॉर्ममधल्या 'प्रवेशाची काठिण्यपातळी' या रकान्यात काय लिहावं, याचा मेघना सकाळपासून विचार करत होती.

"कठीण, असं लिही," प्राचार्य कारखानीस म्हणाले.

"सर, जागा एकशे वीस आहेत. गेल्या वर्षी अर्ज आले शहाऐंशी."

"म्हणजे चौतीस जणांना साधा अर्ज करणंही जमलं नाही. कठीणच की."

फॉर्म एका खासगी संस्थेचा होता. ही संस्था दरवर्षी जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांची क्रमवारी लावायची. त्यासाठी ती तीन गोष्टी बघायची: शिक्षणाचा दर्जा, प्रवेश किती अवघड आणि बाहेर पडलेल्या मुलांना पगार किती. मागच्या वर्षी आवडाबाई मढवी शेवटून दुसरं आलं होतं. शेवटचं कॉलेज वर्षाच्या मध्यातच बंद पडलं होतं.

मेघना सावंत इथलीच विद्यार्थिनी. पुढे सांख्यिकीत एमएस्सी करून ती इथेच शिकवायला लागली, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पैसे. दिवाळीत आणि मे महिन्यात तास नसत, तेव्हा ती आईच्या पेन्शनवर जेवायची. यंदा कॉलेज चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष धाकूशेठ मढवी यांनी सांगून टाकलं होतं, की कॉलेज पहिल्या विसात आलं तर सांख्यिकीला पूर्ण वेळाची जागा निघेल. नाही आलं तर पोरं नसलेला हा विषय पुढच्या वर्षीपासून बंद. विषय बंद म्हणजे मेघनाही बंद.

राहिला पगाराचा रकाना. पाच वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्यांचा मध्यक पगार हवा होता. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं की बरोबर मधोमध जो येतो, त्याचा पगार. ही मेघनाचीच बॅच. तिने बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ विचारलं. सहा जण ग्रुप सोडून गेले आणि एकाने फुलांवर लिहिलेलं सुप्रभात पाठवलं.

शेवटी तिने ऑफिसातून जुने प्रवेश अर्ज काढवले. मुलांचे नंबर केव्हाच बदलले होते. पालकांचे मात्र जिथल्या तिथे होते. अर्धी यादी तिने क्लार्क सुदेशला दिली, अर्धी स्वतः घेतली.

पहिला फोन ठाण्याच्या नौपाड्यात लागला.

"नमस्कार, मी मढवी कॉलेजातून मेघना बोलतेय. सलिलबद्दल थोडी माहिती हवी होती."

"मी त्याची आई. बोला."

"तो सध्या नोकरी कुठे करतो?"

"वागळे इस्टेटला. औषधांच्या कंपनीत असतो."

"आणि पगार साधारण किती असेल?"

मग तोच आवाज पाकातून काढल्यासारखा आला.

"तुम्ही स्वतः कॉलेजात असता?"

"हो, शिकवते."

"अगंबाई, छान! स्वतःच फोन केलात हेही बरं केलंत. मधली माणसं उगीच घोळ घालतात. बारा लाख आहे हो वर्षाला. घर स्वतःचं. इमारतीला लिफ्ट आहे. आणि सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही."

मधली माणसं म्हणजे क्रमवारीवाली संस्था, असं मेघनाने धरलं. व्यसनाचं काय करावं ते तिला कळेना. पण मिळालेली माहिती टाकून द्यायची नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. तिने 'इतर' असा नवा रकाना काढला आणि लिहिलं: लिफ्ट आहे, सुपारी नाही.

संदेशच्या वडिलांनी बाराच सांगितले, मग "साडेबारा धरा," म्हणाले आणि मुलाची बहीण पनवेलला दिलेली आहे हेही कळवलं. सिद्धेशच्या आई भीमाबाई जरा संकोचल्या. "एवढ्यात बोलायचं नव्हतं बाई काही. पण तुम्ही आपणहून फोन केलात म्हणून सांगते. बँकेत साहेब आहे माझा पोरगा. बारा लाख तरी असतील. आणि कसली खोड नाही. आंघोळीलासुद्धा गरम पाणी लागत नाही त्याला."

'इतर' रकाना भरत चालला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेघनाला त्या सलग आकड्यांचा कंटाळा आला आणि मग संशय. माणसांचे पगार डोंगरासारखे असतात: पायथ्याशी थोडे, मध्ये पुष्कळ, वर पुन्हा तुरळक. इथे अख्खी बॅच एका सपाट गच्चीवर उभी होती. बाराच्या खाली कुणी उतरायलाच तयार नव्हतं.

उलगडा दर्शनाच्या वडिलांनी केला. ते डोंबिवलीचे, निवृत्त, आणि सुरुवातीपासूनच तापलेले.

"मुलीचा पगार कशाला हवाय तुम्हाला?"

"नोंद करायची आहे, काका."

"नोंद? आधी मला एक सांगा. लग्नानंतर तिचा पगार तिच्याकडेच राहणार, की तुमच्या घरात जमा करायचा?"

मेघनाने पेन खाली ठेवलं. "काका, कुणाचं लग्न?"

"मग पगार काय सत्यनारायणाला विचारताय?" त्यांनी फोन ठेवला.

मेघनाने 'इतर' रकाना वरपासून पुन्हा वाचला. मग ती सुदेशच्या टेबलाशी गेली.

"सुदेश, हे सगळे आपल्याला लग्नासाठी चौकशी करणारे समजतायत!"

"मला दुसऱ्याच फोनला कळलेलं, मॅडम."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही पण बघताय." सुदेशने चहाचा घोट घेतला. "आणि बारा बोलणारच ना ते. महिन्याला लाख झाला पाहिजे. त्याच्या खाली मुलीवाले फोनच कट करतात. माझ्या मेहुण्याचं तीन वर्षं चाललंय."

तिने त्याची यादी ओढून घेतली. त्यातही तीच गच्ची. शेवटून चौथ्या ओळीवर तिची नजर थांबली: मेघना सावंत, साडेतेरा लाख.

"सुदेश, हा माझ्या घरचा नंबर आहे!"

"यादीत होता म्हणून मी लावलेला. आई एकदम मस्त बोलल्या. मला विचारत होत्या, गावाला शेती किती आहे."

त्या संध्याकाळी डोंबिवलीच्या घरी मेघनाच्या आई शीलाताई भाजी निवडत होत्या.

"चौकशीचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "खरा पगार सांगितला असता तर ठेवलाच असता त्याने."

"आई, तो आमचा क्लार्क होता."

"असेना. आवाज चांगला होता."

"दोन मुलं आहेत त्याला."

"मग मेला फोन कशाला करतो?"

दुसऱ्या दिवशी मेघनाने प्राचार्यांसमोर यादी ठेवली आणि सगळं सविस्तर सांगितलं. हे पगार नाहीत, या आईवडिलांच्या इच्छा आहेत, असंही म्हणाली. कारखानीस सरांनी फक्त मध्यक वाचला.

"बारा लाख? आपल्या मुलांना?"

"नाही सर, तेच तर सांगतेय."

"मेघना, पालकांचा शब्द आहे. आपण कोण अविश्वास दाखवणारे?"

"निदान खाली एक टीप टाकू द्या. आकडे पालकांनी सांगितलेले, पडताळणी केलेली नाही."

"टाक. बारीक अक्षरात टाक."

टीप इतकी बारीक पडली की छपाईत ती तक्त्याच्या खालच्या रेघेत मिसळून गेली. 'मध्यक पगार बारा लाख' हे मात्र चार फुटी अक्षरांत कल्याण स्टेशनबाहेर झळकलं. फलकावर मेघनाचाही नावासकट फोटो होता, कारण लॅबमध्ये उभं राहायला त्या दिवशी दुसरं कुणी आलं नव्हतं.

फोटो बघून सलिलच्या आई धाकट्या बहिणीला घेऊन थेट स्टाफरूममध्ये आल्या. मेघनाच्या हाताला खडू होता आणि केसांनाही लागला होता.

"फोटोपेक्षा उजळ आहे हो," बहीण म्हणाली.

"मावशी, तुमचा गैरसमज झालाय. मी कॉलेजच्या कामासाठी फोन केलेला."

"लाजू नकोस गं. घरचा पत्ता दे, रीतसर येतो."

मेघनाने पत्ता दिला नाही. सुदेशने दिला. मग संदेशचे वडील आले. भीमाबाई घरच्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आल्या. मेघनाने प्रत्येकाला तेच सांगितलं आणि प्रत्येकाला ती गुणी वाटली. बाकावर बसलेली ही मंडळी बघून कारखानीस सरांनी फॉर्ममध्ये 'माजी विद्यार्थ्यांच्या पालकांचा सहभाग: उत्तम' असं लिहिलं, आणि ते एक वाक्य तरी खरं होतं.

ही माणसं घरी जाऊन शेजाऱ्यांशी बोलली. जूनमध्ये अर्जांची रांग फाटकाबाहेर गेली. आवडाबाई मढवीच्या इतिहासात प्रथमच कुणाला तरी नाही म्हणावं लागलं, आणि ते कसं म्हणतात हे ऑफिसात कुणाला येत नव्हतं. काठिण्यपातळी खरोखर कठीण झाली.

मग पडताळणीसाठी क्रमवारीवाल्या संस्थेच्या रचना मॅडम आल्या. मेघनाचा जीव भांड्यात पडला. आता सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं. रचना मॅडमनी यादीवर बोट फिरवलं, एका नावावर थांबवलं आणि फोन स्पीकरवर लावला.

"सलिलच्या आई का? मी त्याच्या पगाराबद्दल विचारत होते."

"तुम्ही मढवी कॉलेजवाल्या ना?"

"नाही, मी दुसरीकडून बोलतेय."

दुसरीकडून, हे ऐकताच नौपाड्याचा आवाज पुन्हा पाकात गेला. "पंधरा लाख हो. मागच्याच महिन्यात वाढला."

रचना मॅडमनी 'कमी सांगितला आहे' असा शेरा मारला. मेघना तोंड उघडणार, तोच त्यांनी आवाज खाली आणला. "हे 'इतर' रकान्याचं पान झेरॉक्स करून मिळेल का? फॉर्मसाठी नाही. माझी भाची आहे."

कॉलेज अठरावं आलं.

धाकूशेठनी शब्द पाळला आणि सांख्यिकीच्या जागेची जाहिरात दिली. पण अठराव्या क्रमांकाच्या, बारा लाखांच्या कॉलेजातली जागा म्हटल्यावर लांबलांबचे पीएचडीवाले चकचकीत फायली घेऊन बाकावर येऊन बसले. मेघना त्यांच्यात शेवटी बसली होती, भीमाबाईंची चटणी जिथे ठेवली होती तिथे.

मुलाखतीला धाकूशेठ, प्राचार्य आणि ठाण्याहून बोलावलेले एक तज्ज्ञ होते. तज्ज्ञांनी तिचा अर्ज दोनदा वाचला.

"तुम्ही याच कॉलेजच्या?"

"हो सर."

"पाच वर्षांपूर्वीची बॅच. म्हणजे ती बारा लाखांची."

"हो."

"आणि तुम्हाला सध्या मिळतात किती?"

"तास झाले तर महिन्याला चौदा हजार."

तज्ज्ञांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. "तुमच्याबरोबरचे सगळे एवढे पुढे गेले. मग तुम्हीच इतक्या मागे कशा राहिलात? काही अडचण?"

कारखानीस सर पंख्याकडे बघू लागले. खरं सांगावं तर अठरावा क्रमांक जातो, जागा जाते, विषयही जातो. न सांगावं तर ती बॅचमधली एकटीच ढ ठरते. मेघनाला एकदम खूप दमल्यासारखं झालं.

"बरं, तुझी अपेक्षा काय? पगाराची?" धाकूशेठनी विचारलं.

"पगाराचं माझी आई सांगते," ती म्हणाली. "नंबर देऊ?"

ते ती वैतागून म्हणाली होती. पण धाकूशेठनी आयुष्यभर जमिनीचे व्यवहार घरातल्या मोठ्या माणसाशीच बोलून केले होते. त्यांना हे पटलं. त्यांनी फोन लावला आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकरवर टाकला.

"हॅलो, धाकूशेठ मढवी बोलतोय, आंबिवलीवरून. तुमच्या मेघनासाठी फोन केला होता. पगाराचं कसं काय?"

"साडेतेरा लाख," शीलाताई गोड आवाजात म्हणाल्या. "त्याच्या खाली आम्ही बघत नाही."

"साडेतेरा लय होतात, ताई."

"पैशाचं काय, तो कमीजास्त होतो. आधी मला सांगा, नोकरी कायम आहे ना?"

धाकूशेठनी प्राचार्यांकडे पाहिलं. "आता सुरुवातीला टेम्पररीच..."

"मग राहू दे. टेम्पररीला आम्ही मुलगी देत नाही. तिला काही कमी नाहीयेत. नौपाड्याचे तर घरी येऊन बसले होते परवा."

धाकूशेठनी फोनवर हात ठेवला. "कारखानीस, नौपाड्यातलं कुठलं कॉलेज हो?"

"कुठलंही असेल," कारखानीस म्हणाले. "आपल्या वरचीच आहेत सगळी."

मेघनाने खुलासा करायला तोंड उघडलं. मग तिला आठवलं की या वर्षी ती बोलली ते सगळं बारीक अक्षरातच छापलं गेलं होतं. तिने तोंड मिटलं.

"ताई, कायम करतो," धाकूशेठ फोनवर म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. पण पैशाचं निम्म्यावर या."

"कायम ना? मग बसून बोलू की. रविवारी घरी या, पोहे करते."

रविवारी सकाळी धाकूशेठ प्राचार्यांना घेऊन, पेढ्यांचा बॉक्स आणि नेमणुकीचं पत्र हातात धरून, डोंबिवलीचे तीन जिने चढून आले. शीलाताईंनी नवी साडी नेसून दार उघडलं. त्यांनी धाकूशेठना नमस्कार केला, कारखानीस सरांना नमस्कार केला, मग त्या दोघांच्या खांद्यावरून जिन्यात खालपर्यंत डोकावून पाहिलं.

"आणि मुलगा?"