दगडी तंबू

साताऱ्यातल्या पेठेच्या कोपऱ्यावरच्या दगडी 'विश्वंभर टॉकीज'चा इतिहास लिहिण्याचं काम हिंदुराव साळुंख्यांनी १९९४ च्या उन्हाळ्यात हाती घेतलं, कारण इतिहास नसेल तर टॉकीज पाडली जाईल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. केबल आल्यापासून बाल्कनीत प्रेक्षकांपेक्षा पारवे जास्त बसत. पुण्यात राहणाऱ्या मालकांनी जागा विकायचं ठरवलं होतं. मात्र पन्नास वर्षं झालेली इमारत 'जतन करावयाच्या वास्तूं'च्या यादीत घालता येते आणि यादीतली वास्तू पाडता येत नाही, असा एक चांगला नियम सरकारच्या हातून चुकून झालेला होता.

हिंदुराव फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि बावीस वर्षं या टॉकीजचे मॅनेजर होते. ते जेवायला आणि झोपायला घरी जात; राहत टॉकीजमध्येच. ती गेली तर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जायचं कुठं, हा प्रश्न त्यांना रोज पडायचा.

दोनशेपानी वही घेऊन ते पेठेत घरोघर फिरले. पेठेने त्यांना चहा पाजून पाजून इतिहास सांगितला. शेजारचे बेकरीवाले नानासो माने यांनी बायकोला पहिल्यांदा पाहिलं ते इथल्याच लेडीज बाजूच्या पडद्याच्या फटीतून, आणि हे सांगताना त्यांना हुंदका आवरेना. पापडवाल्या बनुबाईंना तिसऱ्या रांगेत कळा सुरू झाल्या होत्या, म्हणून थोरल्याचं नाव विश्वंभर. टॉकीज वाचलीच पाहिजे या निवेदनावर एकशे बारा सह्या पडल्या. शेवटचं तिकीट कधी काढलं होतं, हे कुणी सांगितलं नाही आणि हिंदुरावांनीही सभ्यपणे विचारलं नाही.

वही आणि निवेदन घेऊन ते सरकारी कचेरीच्या वास्तू-परवाना कक्षात गेले. तिथल्या कारकून विजयमालाबाईंनी फाईल काढली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "या जागेवर इमारत नाही. तंबू आहे."

फाईलमध्ये टॉकीजचा खरा इतिहास होता. मूळ मालकांनी १९४३ साली फिरत्या सिनेमाचा परवाना काढला: तंबू एक, बांबू चाळीस, खुंट्या साठ. जत्रांचा हंगाम संपला, पण तंबू हलला नाही. पुढच्या वर्षी वारं लागतं म्हणून पश्चिमेला एक दगडी भिंत आली, आणि ती एकटी बरी दिसेना म्हणून आणखी तीन. मग पत्रे, मग बाल्कनी. इमारतीची परवानगी मागावी, तर आधीच्या भिंती कुणाला विचारून घातल्या, हा प्रश्न आला असता. त्यापेक्षा तंबूचा परवाना दरवर्षी नवा करून घेणं सोपं होतं.

तपासणी मात्र कधी चुकली नव्हती. आगीच्या तपासनिसाने 'तंबूचे कापड पेट घेणारे नाही' असं लिहिलं होतं, आणि त्याला खोटं कसं म्हणायचं? सदुसष्टच्या कोयनेच्या भूकंपानंतरचा शेरा होता, 'धक्क्याने उत्तरेकडील कापडास तडा गेला. तडा सिमेंटने बुजविला.' आणि बहात्तरपासून पुढे, बावीस वेळा, एकाच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: 'तंबू सुस्थितीत. दोर ताणून घेतले. हिं. रा. साळुंखे, मॅनेजर.'

हिंदुरावांनी आपली सही ओळखली. "बाई, जुन्या मॅनेजरनं मला शेऱ्याचा नमुना दिला हुता. फौजेत नमुन्यावर शंका घेत न्हाईत."

"मग आता कशाला घेता?" विजयमालाबाईंनी विचारलं.

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी वाट सांगितली. सुनावणी लावायची, पेठेतल्या लोकांनी 'ही पन्नास वर्षांची इमारतच आहे' अशी साक्ष द्यायची, की झालं. फक्त नव्या परिपत्रकानुसार, एक तात्पुरती परवानगी कायमची निघाली, तर आसपासच्या सगळ्याच तात्पुरत्या परवानग्या तपासाव्या लागणार होत्या.

ही बातमी पेठेत पोचली आणि हिंदुरावांना मिळणारा चहा बंद झाला. नानासोंची तीन मजली बेकरी कागदावर 'पावसाळी आडोसा' होती. बनुबाईंच्या 'पापड वाळवण्याच्या जागे'त दोन भाडेकरू सहकुटुंब राहत होते. एकशे बारा सह्यांमागे एकशे बारा आडोसे उभे होते.

सुनावणीला सगळे वेळेवर हजर राहिले. नानासो सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे हात जोडून म्हणाले, "तंबूच हाय सायेब. वारं सुटलं की लय फडफडतंय." बनुबाईंनी पदर सावरत सांगितलं, की कळा आल्या तेव्हा त्यांना वर चांदण्या दिसत होत्या. साहेबांनी सहानुभूतीने नोंद केली.

शेवटी हिंदुराव उभे राहिले. काखेत वही होती. खरं बोलायचं, हे त्यांनी घरातून निघतानाच ठरवलं होतं. घराच्या परड्यात त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, कागदावर 'गोठा'. त्यात मुलगा प्रशांत, सून क्रांती आणि नात राहत. सकाळी अंगातल्या शर्टाला क्रांतीने इस्त्री केली होती, ती त्या गोठ्यातच.

"सुभेदारसाहेब, तुम्ही जबाबदार माणूस," साहेब म्हणाले. "इमारत की तंबू?"

हिंदुरावांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग शर्टाच्या कडक बाहीकडे.

"तंबू," ते म्हणाले. आणि बावीस वर्षांच्या सवयीने पुढचंही तोंडातून गेलं, "दोर कालच ताणून घेतलं."

आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

तंबू आठ दिवसांत काढण्याचा हुकूम निघाला. तो काढायला बुलडोझर, दोन वेळा सुरुंग आणि अडीच महिने लागले. अहवालात म्हटलं आहे, 'तंबू गुंडाळला. खुंट्या आढळल्या नाहीत.' आता तिथे चार मजली व्यापारी संकुल आहे. त्याची परवानगी मंडपाची आहे, गणेशोत्सवापुरती.

हिंदुरावांची वही कचेरीने 'वास्तू अस्तित्वात नसल्याने इतिहास परत' असा शेरा मारून पाठवून दिली. ती अजून त्यांच्या गोठ्यात टीव्हीखाली आहे. वाचून हळहळ वाटली असेल, तर जरूर येऊन बघा. ते चहाही देतील. फक्त निघण्याआधी, ज्या बंद केलेल्या गॅलरीत बसून आपण हे वाचत आहात, ती मंजूर नकाशावर काय म्हणून दाखवली आहे, तेवढं एकदा पाहून घ्या. पेठेत पुढची सुनावणी लागली आहे, आणि आपल्यासारखे साक्षीदार हवेच आहेत.