बारा दारांचे गुलाबराव

मुलीसाठी स्थळ पाहायला गेल्यावर लोक काय पाहतात? मुलाची नोकरी, बापाचं शेत, घरावरचा स्लॅब आणि सासूचा चेहरा. आमचे गुलाबराव यातलं काही पाहत नाहीत. ते गावाच्या मधोमध जाऊन उभे राहतात, दोन्ही हात तोंडाभोवती धरतात आणि गळ्याच्या शिरा फुगवून हाक मारतात, "कोनी हाये का वोऽऽऽ!"

मग मोजतात, किती दारं उघडली. बारा उघडली तर गाव पास. अकरा उघडली तर पोह्यांना हात न लावता परत.

हाकही साधीसुधी नव्हे. नेरला आमच्या गल्लीतून त्यांनी एकदा बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हाक मारली, तर स्टँडवर उभ्या असलेल्या अमरावती गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टर 'चला' म्हणाला. गाडी अर्धी रिकामी घेऊन तो निघून गेला. कंडक्टर चहा पीत राहिला. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या गाडीत चढायचे जे राहिले, त्यांत मी होतो.

मी त्यांचा शेजारी. नेरच्या बाजारात माझं बांगड्यांचं दुकान आहे आणि दारात मोटारसायकल आहे. या मोटारसायकलपायी मी गुलाबरावांच्या मुलीसाठी, अश्विनीसाठी, अठरा गावं पाहिली आणि अठरा गावांतले पोहे नुसते वासावर सोडून आलो.

गुलाबरावांची हयात मोजणी खात्यात साखळी ओढण्यात गेली. साहेब सावलीत बसून नकाशा काढायचे आणि गुलाबराव उन्हात साखळी ओढायचे. त्यामुळे साहेबांना कागद पाठ झाला आणि यांना जिल्हा. कुठल्याही गावाच्या वेशीवर मोटारसायकल थांबली की मागच्या सीटवरून सुरू, "गाव असंच बसत नाही, बापू."

"मंग कसं बसते?" मला विचारावंच लागायचं. नाही विचारलं तर ते गाडीवरून उतरत नसत.

"पान्यापाशी बसते, पन पान्यात नाही बसत. नाल्याचा पूर जितलोक येते, त्याच्या वर. अन् काळ्या मातीत घर बांधान तं भिंत दरसाल तडकते. म्हनून वावराले काळी अन् घराले पांढरी. जुन्या मानसानं मुरमाचा उंचवटा पाहूनच पहिली चूल मांडली."

बंजारा तांडा दिसला की खूश. "पाह्य, उतारावर रांगीत घरं. पान्याचा थेंब थांबत नाही." कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती, दिसला की चक्क टोपी काढायचे. "मधात चावडी, भवताल घरं, साऱ्यांचे तोंडं आतमंधी. इथं मानूस एकटा पडूच शकत नाही, बापू." आणि एखाद्या गावात मुख्य वस्ती एकीकडे अन् बौद्ध वस्ती रस्त्यापलीकडे दिसली की आवाज खाली यायचा. "सारे गावं पान्यानं अन् रस्त्यानं नाही ठरले. कोनाले कोनाची सावली नको होती, त्यानंही ठरले."

अशाच एका गावात त्यांनी हाक मारली. आमच्या यजमानांच्या आळीतली पाच दारं उघडली. रस्त्यापलीकडून, विहाराच्या ओट्यावर बसलेल्या सात बाया मात्र हातातलं काम टाकून उठून आल्या. "काय झालं, भाऊ? चक्कर आली काय?" एकीनं पाणी आणलं, एकीनं चहा टाकला. गुलाबरावांनी दोन कप घेतले आणि यजमानांकडे परत येऊन जाहीर केलं, "बारा झाले! गाव पास हाये." यजमान म्हणाले, "तिकडचेही मोजले काय?" गुलाबराव म्हणाले, "गाव तिकडंबी हाये ना?" स्थळ तिथंच मोडलं. ते त्यांनी मोडलं की यांनी, यावर आमच्यात अजून वाद आहे.

पण खरी कमाल झाली ती रस्त्याच्या कडेनं पसरलेल्या एका लांबलचक गावात. गाव कसलं, गॅसचा पाइप! या टोकाला लग्न लागलं तर त्या टोकाच्या माणसानं जेवायला डबा घेऊन निघावं. गुलाबरावांनी पहिल्या घरापाशी हाक मारली. हाक पुढे गेली. दहाव्या घरापाशी तिची 'कोनाले तरी पान लागलं', म्हणजे साप चावला, अशी बातमी झाली. चाळिसाव्या घरापाशी माणूस गेला. आम्ही निराश होऊन मोटारसायकलवरून शेवटच्या टोकाला पोचलो, तर किराणा दुकानाचं शटर खाली होतं आणि चार जण बांबू घेऊन आमच्याकडेच निघाले होते. एकानं गाडी अडवून विचारलं, "कवा गेला?"

मी म्हटलं, "कोन?"

"नेरचा पाव्हना."

मागच्या सीटवरून गुलाबराव म्हणाले, "आता जाऊनच राह्यला," आणि माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी गाडी पिटाळली. त्या गावात आजही आमच्या नावाची चर्चा होत असणार, आणि तीही स्वर्गवासी लावून.

घरी वहिनींनी पिशवी ओढून घेतली. "तुमाले पोरीचं लगन कराचं हाये का जनगनना?"

अश्विनी हसत बसायची. ती नेरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. बापाची जीभ आणि आईचा ठामपणा, दोन्ही तिच्यात आलेत. पण एकोणिसाव्या गावाची गोष्ट निघाली तेव्हा ती हसली नाही. जेवणं चालली होती, मीही ताटावर होतो, आणि ती म्हणाली, "बाबा, मले एक मानूस पसंत हाये."

मैत्रिणीच्या लग्नात ओळख झालेला मंगेश. ढाणकीकडचा. शेती करतो. गुलाबरावांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "गाव कसं हाये? गोल का लांब?"

"गाव नाही बाबा. वावरात घर हाये. एकटंच."

गुलाबरावांच्या हातातला घास परत ताटात गेला.

"एका घराचं गाव होत नाही," ते म्हणाले.

"फोन हाये ना. रोज बोलीन."

"फोनले हाक नाही म्हनत, अश्विनी. फोनवर नाव दिसते. मंग मानूस ठरवते, उचलाचा का नाही उचलाचा. हाक कानात येतेच."

अश्विनीनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. "जा. न सांगता जा, हाक मारा, दारं मोजा. तुमी नाही म्हनसान तं मी हे लगन नाही करत. पन दुसरं स्थळ मंग मी पाहनार नाही. हे शेवटचं."

 तिसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव माझ्या दारात उभे. "काढ गाडी."

नेरहून ढाणकी मोटारसायकलवर! मी परत आलो, माझी कंबर अजून तिकडेच आहे.

डांबरी रस्ता सोडून आम्ही पांदणीनं आत गेलो. दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर. पुढे हळदीचा तुकडा, विहीर, आणि तिच्याशेजारी टिनाचं घर. दाराला कडी. मंगेशचे आई-वडील ढाणकीच्या बाजाराला गेलेले असावेत. अंगणात एक कुत्रं होतं, त्यानं एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि मिटला.

गुलाबरावांनी हात तोंडाशी नेले. "कोनी हाये का वोऽऽऽ!"

तुरीतून होल्यांचा थवा उडाला. तुरीवरून आवाज गेला तो गेलाच. मोजायला दारच नव्हतं. जे एक होतं, त्याला कडी होती.

त्यांनी पुन्हा हाक मारली. आवाज या खेपेला मध्येच तुटला. इतक्या वर्षांत मी त्यांची हाक तुटलेली ऐकली नव्हती. टोपी नीट करून ते म्हणाले, "चाल बापू. पोरीले काय सांगाचं, थे रस्त्यानं पाहू."

मी गाडीला किक मारणार तेवढ्यात तुरीत खसपस झाली. मला वाटलं, रानडुक्कर. निघाला माणूस. पाठीवर फवारणीचा पंप, एका पायात चप्पल, दुसरी तुरीतच कुठंतरी राहिलेली, धाप लागलेली. "काय झालं? कोनाले लागलं?"

तो आम्हाला ओळखत नव्हता. आम्ही मात्र अश्विनीच्या फोनमध्ये त्याचा फोटो पाहिला होता.

"काही नाही झालं," गुलाबराव म्हणाले. "पानी पाहिजे होतं प्याले."

दुसरा असता तर शिव्या देत आमच्या खापरपणजोबापर्यंत पोचला असता. यानं पंप उतरवला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, विहिरीतून ताजं पाणी काढलं आणि आधी म्हाताऱ्याला दिलं.

"घर इथं कायले बांधलं?" पाणी पिता पिता गुलाबरावांनी विचारलं.

"गावात होतो ना, काका. पन आमी गावात झोपाव अन् रोही-डुकरायनं वावर साफ कराव. विहीरबी इथंच लागली. मंग घरच उचलून आनलं."

गुलाबरावांनी मान हलवली. गाव असंच बसत नाही, तसं घरही असंच बसत नाही, हे त्यांना पटलं असावं. मग विचारलं, "आता कुठून आला तू?"

मंगेशनं तुरीपलीकडचं एक बाभळीचं झाड दाखवलं. ते इतकं लांब होतं की मला ते झाड आहे का डोळ्यात कचरा गेला, कळेना. गुलाबराव उठले आणि चालायला लागले. पावलं मोजत. बाभळीला हात लावून, पावलं मोजत परत आले. येताना त्यांच्या हातात मंगेशची चप्पल होती. ती त्यांनी त्याच्या पायाशी ठेवली, नाव-गाव न सांगता 'येतो' म्हणाले आणि गाडीवर बसले.

ढाणकीत चहाच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मग म्हणाले, "आजलोक मी दारं मोजली, बापू. दारातून निंगून कोन किती धावलं, थे कधी मोजलंच नाही."

"मंग पास?"

ते भलतंच बोलायला लागले.

"माही बहीन होती, कमला. माह्यापेक्षा मोठी. तिले असंच दिलं होतं, वावरातल्या घरात, नाल्याच्या पल्याड. नवरा दिवसभर बैलामागं. बोलाले कोनी नाही. कोंबडीले म्हनाची, 'तू जेवली काय वं?' मी एकदा भाऊबीजेले गेलतो. जेवलो, निंगालो. रस्त्यावर गाडीचा धुरळा दिसून राह्यला होता. अन् थे बांधावर आली, अन् तिनं हाक मारली. भाऊऽऽऽ, म्हनून."

टपरीवाला कप न्यायला आला, मी त्याला हातानंच परत लावलं.

"गाडी सुटली असती, बापू. दुसऱ्या दिवशी मोजनीवर जाचं होतं. मी पलटलो नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "लोकाईले वाटते, तिची हाक कोनाले आयकू गेली नाही. मले गेलती. साफ गेलती. पुढच्या भाऊबीजेले थे नवती. काय म्हनाचं होतं तिले, थे राह्यलंच."

मी गाडी काढली.  घरी पोचल्यावर गुलाबरावांनी चपला काढल्या आणि वहिनींना एवढंच म्हणाले, "तारीख काढा."

लग्न झालं. मागच्या महिन्यात मी आणि गुलाबराव लेकीच्या घरी जाऊन आलो. या खेपेला एसटीनं, कारण माझ्या कंबरेनं संप केला होता. अश्विनी मजेत होती. ढाणकीतल्याच एका दवाखान्यात जाते, स्कूटी शिकली आहे, आणि ते कुत्रं आता दोन्ही डोळे उघडतं. ती पोहे करते म्हणाली, पण दुपारची गाडी धरायची होती. गुलाबरावांनी पाणी घेतलं आणि आम्ही निघालो.

पांदण संपून डांबरी रस्ता लागायला शंभर पावलं उरली होती. लांबून एसटी दिसली. मी हात वर केला. आणि मागून आवाज आला.

"बाबाऽऽऽ!"

बापाचीच छाती. तुरीच्या रानातले होले उडाले, एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कंडक्टर दारातून ओरडला, "काका, येता का?"

मी गाडीकडे पाहिलं. गुलाबरावांकडे पाहिलं. ते माझ्या शेजारी नव्हतेच. ते पाठमोरे होते, आणि पळत होते. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या तीन पायऱ्या न चढणारा माणूस धोतराचा सोगा हातात धरून पांदणीनं पळत होता. टोपी पडली, ती मी उचलली. एसटी गेली.

मी पोचलो तेव्हा ते बांधापाशी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. "काय झालं वं बाई? काय झालं? बोल ना!"

अश्विनी बांधावर उभी होती. हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"काही नाही, बाबा. पाह्यलं, पोचते का."

गुलाबराव बांधावर बसले. माझ्या हातातली टोपी घेऊन डोक्यावर घातली. मग म्हणाले, "पोचते."

पुढची गाडी तीन तासांनी होती. तिनं पोहे केले. गुलाबरावांनी दोनदा मागून घेतले.