टीव्हीतल्या बाईला डिस्चार्ज

टीव्हीतल्या बाईची छाती बरी झाल्यामुळे सोमवारी सकाळी तिला डिस्चार्ज मिळाला, आणि तिची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून शेवंताबाई मान्यांना थांबवून घेण्यात आलं.

शेवंताबाईंनी इचलकरंजीत एकतीस वर्षं कांडी मशीनवर सूत भरलं होतं. कापसाची धूळ छातीत बसली ती बसलीच. अशा पेशंटना दवाखान्यात हल्ली टीव्हीसमोर उभं करून खेळायला लावत. वरच्या कॅमेऱ्याला माणूस दिसायचा. त्यानं हात हलवला की टीव्हीतली पिवळ्या साडीतली बाई हात हलवायची, फुगे फोडायची, होडी वल्हवायची. "खेळता खेळता दम वाढतो, मावशी," असं व्यायाम घेणाऱ्या केतकी मॅडम म्हणत. आणि खरंच, दोन आठवड्यांत शेवंताबाई वीस फुग्यांवरून साठावर आल्या होत्या.

मग त्यांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. बुधवारी होडी निम्म्या तळ्यात असताना त्यांना धाप लागली. कांडी खात्यातल्या बायका चहाला उठताना शेजारणीला मशीन सांभाळायला सांगत. त्या सवयीनं शेवंताबाई टीव्हीला म्हणाल्या, "मी जरा टेकते बाई. तेवढं माझं बघ."

टीव्हीतल्या बाईनं मान हलवली आणि होडी एकटीनं काठाला नेली. गुरुवारी शेवंताबाई अंमळ जास्त टेकल्या. शनिवारी तर खुर्चीतून उठल्याच नाहीत. सोमवारी सहा मिनिटं चालायची चाचणी होती. टीव्हीतली बाई न थांबता चालली.

"पण पेशंट मी आहे," शेवंताबाई म्हणाल्या.

"फाइल एक, नाव एक," केतकी मॅडम शांतपणे म्हणाल्या. "चाचणी जिनं दिली, घरी ती जाणार. तुमच्या खात्यात काय नियम होता?"

जी मशीनवर उभी, पाळी तिची, हा नियम एकतीस वर्षं शेवंताबाईंनीच नव्या बायकांना दरडावून सांगितला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

मुलगा महादेव न्यायला आला. बाई तोवर टीव्हीतून उतरून शेवंताबाईंच्या चपला घालून बघत होती. त्या तिला बरोबर झाल्या. महादेवनं दोघींकडे पाहिलं आणि त्याचे डोळे भरले.

"आई, आपली खोली तिसऱ्या मजल्यावर हाय," तो म्हणाला. "ही चढंल गं."

त्यानं सही केली.

टीव्हीच्या आत जाण्याआधी शेवंताबाईंनी एकच विचारलं. "आत माझी धाप?"

"आत तुमचा दमच नसतो. समोर उभा राहील त्याचाच दम तुम्हाला पुरतो. तो 'माझं बघ' म्हणाला, तर मात्र तुमचा तुम्हाला सुरू होतो. मग चाचणी द्या आणि घरी जा."

"आणि तो म्हणालाच नाही तर?"

"बहुतेक लोक म्हणतात," केतकी मॅडम म्हणाल्या, आणि फाइल मिटली.

दुपारी समोर एक उंच म्हातारे गृहस्थ आले. खाणीत सुरुंग लावण्यात जन्म गेलेले भाऊसाहेब घोरपडे. मॅडमनी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि दमलात तर बसा म्हणून बजावलं.

"मी आजवर माझं काम कुणाला करायला सांगितलेलं नाही," भाऊसाहेब म्हणाले.

मॅडम फॉर्म आणायला गेल्या. भाऊसाहेब वल्हवू लागले आणि शेवंताबाईही वल्हवू लागल्या. सुरुवातीला फार बरं वाटलं. निम्म्या तळ्यात भाऊसाहेबांचे ओठ निळसर झाले. चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी दिसत होते, मग चौऱ्याऐंशी. खुर्ची हाताशी होती, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. शेवंताबाईंच्या छातीत हवा येईनाशी झाली. एवढी भीती त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

"टेका की हो भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मला सांगा. मी बघते तुमचं."

बाकीच्या पेशंटना त्रास नको म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवलेला असे. भाऊसाहेबांनी दात आवळले आणि हात पुन्हा वर उचलले, तसे शेवंताबाईंचेही हात वर गेले.